ज्याचा हात, त्याची जागा

आप्पा,

आज दुपारी मी माझ्या कॉम्प्युटरची नेटची वायर उपटली, तिचं भेंडोळं केलं आणि टेबलाच्या खणात टाकून खणाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. स्टुडिओची मालकीण दारात उभी राहून बघत होती. तिने तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "आता या मशीनमध्ये कोणी काही घुसवायचं नाही. काम झालं की मी पेन ड्राइव्हवर आणून देईन." पन्नाशी उलटलेली बाई वायरीला कुलूप लावतेय हे बघून तुम्ही गालातल्या गालात हसला असतात. आई हसली नाही. ती आता माझ्याकडेच असते, मुलुंडला. जेवताना तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "बापावर गेलीस." ही शाबासकी की तक्रार, ते तिच्या आवाजावरून आजवर मला कळलेलं नाही. त्यानंतर ती आणखी एक गोष्ट बोलली, ती मी शेवटी लिहीन, जमलं तर. आधी भांडण लिहिते, कारण भांडण मी जिंकलेय, आणि ते सांगायला तुमच्याइतकं हक्काचं माणूस मला दुसरं नाही.

माझं काम तुम्हाला नीट कधी कळलं नाही. असल्फ्याच्या आपल्या चाळीत कोणी विचारलं, पोरगी काय करते, तर तुम्ही सांगायचात, "पिक्चर कापते. मी लोखंड कापतो, ती पिक्चर." मला राग यायचा. आता वाटतं, इतकं बरोबर कोणीच सांगितलं नाही. पडद्यावर आडव्या पट्ट्या असतात, एकीवर एक. खाली आवाजाची, वर चित्राची, त्याच्यावर आणखी एखादी. नको तो तुकडा निवडायचा आणि डिलीटचं बटण दाबायचं. तुकडा जातो, तिथे त्याच्याच मापाचं भोक उरतं, बाकी काही जागचं हलत नाही. भोक बुजवून पुढचं सगळं मागे ओढून घ्यायचं असेल तर त्याला दोन बटणं एकदम दाबावी लागतात. बावीस वर्षं हे असंच चालत आलंय. दिवसातून हजार वेळा तरी मी ते बटण दाबत असेन. दाबताना मी बघत नाही. तुम्ही कुठे बघायचात?

तर मागच्या आठवड्यात सोमवारी सकाळी मशीन चालू केलं आणि पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. वाढदिवस असल्यासारखं. खाली लिहिलेलं, नवीन, अधिक सोपा अनुभव. रात्रीत अपडेट येऊन बसलं होतं. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. डावीकडची खिडकी उजवीकडे गेलेली, कापायच्या ब्लेडचं चित्र गायब, पट्ट्या इतक्या बारीक केलेल्या की चष्मा पुसून बघावं लागलं. मी माझ्या सोयीने बसवलेली कीबोर्डची सगळी बटणं पुसली गेली होती. ही तिसरी वेळ. आधीच्या दोन वेळा मी मुकाट्याने सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण परत बसवलं होतं, वर स्वतःलाच दोष दिला होता, की आपलं वय झालं. या वेळीही तेच केलं. अर्धा दिवस त्यात गेला, आणि खिडक्या शोधण्याच्या नादात एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. डिलीटचं बटण होतं तिथेच होतं, पण त्याचं काम बदललं होतं. आता ते तुकडा काढायचं आणि भोक स्वतःच बुजवून टाकायचं.

हे लिहिताना मला तुमच्या गाळ्यातलं ते नवीन मशीन दिसतंय. मी आठवीत आहे. सुट्टीत तुमचा डबा घेऊन असल्फ्याहून साकीनाक्याला चालत येते. गाळ्यात शिरलं की आधी तापल्या लोखंडावर सोडायच्या कूलंटचा आंबूस वास येतो, मग तुमची पाठ दिसते. तुम्ही लेथवर वाकलेले असता, डावा हात चाकावर, उजवा दांड्यावर, आणि डोळे फक्त त्या फिरणाऱ्या लोखंडावर. चाकाच्या कडेला लाल ठिपका आहे. तो माझ्या नेलपॉलिशचा. जत्रेतून आणलेली बाटली तुम्ही न सांगता उचलून नेली म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. तुम्ही म्हणालात, "तुझ्या दहा नखांना जेवढं लागतं, त्यातलं एका नखाचं नेलं. ठिपका बोटाला लागतो. बघावं लागत नाही." नुसता रंग नव्हताच तो, थेंब वाळवून केलेलं टेंगूळ होतं. दसऱ्याला बाकीचे सगळे आपापल्या मशीनला झेंडूचा हार घालायचे. आपण बौद्ध, तुम्ही हार कधी घातला नाहीत. तुम्ही तेल घालायचात. शेठ चिडवायचा, की सगळ्यात जास्त पूजा तर हाच करतो.

मग शेठने ते परदेशी मशीन आणलं. जुन्याचा दांडा खाली दाबला की जॉब, म्हणजे कापायचं लोखंड, पुढे फिरायचा, नव्याचा दाबला की उलटा. पहिल्याच दिवशी तुमचा हात सवयीने खाली गेला, जॉब उलटा फिरला, टूलचं टोक तुटलं आणि तुमच्या भुवईवर बसलं. दोन टाके पडले. शेठ म्हणाला, जरा ध्यान देऊन काम करा, मशीन शिकून घ्या. घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, "मशीन नवीन आहे, मान्य. हात जुनाच आहे ना." रविवारी तुम्ही ओळखीच्या वायरमनला घेऊन गाळ्यात गेलात आणि मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल करून आलात. दांडा खाली, जॉब पुढे. शेठला कळलं तेव्हा त्याने थयथयाट केला. मशीन बसवायला आलेला माणूस आत काही उघडू नका असं बजावून गेला होता. तुम्हाला तीन दिवस गाळ्याबाहेरच्या बाकावर बसवलं. वायरी परत लाव, मग आत ये. तुम्ही डबा घेऊन जायचात, बाकावर बसायचात, डबा खाऊन परत यायचात. चौथ्या दिवशी शेठ बाहेर आला आणि नुसतं म्हणाला, "चल." गाळा बंद होईपर्यंत वायरी तशाच होत्या.

आपल्याला हे एवढंच जमतं, आप्पा. बाकावर बसणं.

आता माझ्या बाकाची गोष्ट. आमच्याकडे सध्या एका शाळेचं काम आहे. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा, मुलुंडलाच, माझ्या घरापासून दोन स्टॉपवर. गणिताचे पाठ. पडद्यावर बाई फळ्यापाशी उभ्या राहून शिकवतात, आणि खालच्या कोपऱ्यात छोट्या खिडकीत एक मुलगी तेच हातांनी सांगते. ही मुलगी बोरिवलीची, तिचे आईवडील दोघंही ऐकू न येणारे, त्यामुळे तोंडाने बोलायच्या आधी ती हाताने बोलायला शिकली. मी तिची पट्टी सगळ्यात वर ठेवते. बाई फळ्यावर काही लिहीत असतील आणि बोलत नसतील, तर तेवढा वेळ ती मुलगी हात खाली करून नुसती उभी असते. तो तुकडा मी काढते, म्हणजे तेवढ्यापुरती खिडकी दिसेनाशी होते आणि मुलं फळा बघतात. म्हणजे मला तिथे भोकच हवं असतं. सोमवारी मी दोन पाठांत असे तुकडे काढले, एकेकात एकेकच, दहा-बारा सेकंदांचा. भोक राहिलं नाही. तिच्या हातांचा पुढचा सगळा भाग तेवढा मागे सरकला आणि बाईंच्या पुढे धावायला लागला. पट्टी दोऱ्याएवढी बारीक होती, मला दिसलं नाही. पाठ संपताना गृहपाठाचा फळा येतो, तिथे खिडकी नसतेच, त्यामुळे शेवटही उघडा पडला नाही. मी डोळे मिटून एकदा सगळं ऐकलं, नेहमीसारखं, आणि आवाज चोख होता. पाठ शाळेत गेले.

गुरुवारी ती बोरिवलीची मुलगी पुढच्या शूटिंगला आली. चहा पिता पिता तिने माझ्या पडद्यावर झालेला पाठ लावला. आधी हसली, मग कप खाली ठेवला.

"ताई, हे मी इथे नाही बोलले."

"म्हणजे?"

"बाई विचारतायत चौदा त्रिक, आणि मी उत्तर देतेय चौदा चोकचं. सगळीकडे तसंच आहे, बघा ना. मी पुढे पळतेय."

त्या पाठाची पद्धत अशी की उत्तर फळ्यावर लिहायचं नाही. बाई तोंडाने सांगतात, ही हाताने, आणि मुलं वहीत लिहितात. म्हणजे फळ्यावर चौदा गुणिले तीन, बाईंच्या तोंडात बेचाळीस आणि हातात छप्पन्न. ज्याला ऐकू येतं त्याला काही कळणार नाही. ज्यांच्यासाठी पाठ केला, नेमकं त्यांनाच चुकीचं कळणार. मी शाळेत फोन लावला. पहिला पाठ बुधवारी दाखवून झाला होता.

मालकीण आणि मी एकाच वर्षी या धंद्यात आलो. तिला मी शिकवलं म्हणायला हरकत नाही, पण तिच्याकडे धडाडी होती आणि माझ्याकडे नव्हती, म्हणून ती मालकीण झाली आणि मी एडिटर राहिले. आमच्यात तू-गं चालतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला.

"वाट लागली. अगं, पण बघायचं ना जरा. तू एवढी सीनियर."

"बटणाचं काम बदललंय. मला कोणी सांगितलं?"

"पडद्यावर येतं ना, नवीन काय आहे म्हणून. वाचायचं. यार, सगळं जग नवीनवर गेलं, तू एकटीच कुठे अडकून बसलीस? दोन दिवस घे, शीक नीट. सगळे शिकतात."

"आणि पुढच्या महिन्यात ते परत बदलतील, तेव्हा?"

"तेव्हा परत शीक."

"मला जुनं बसवून दे. माझ्या एका मशीनवर."

"नाही जमणार. बाकीची मशिनं नवीनवर, तुझं काम त्यांच्यात उघडायला नको? हे बघ, मी स्पष्ट बोलते. सोमवारपर्यंत हात बसला तर बसला. नाहीतर उरलेले पाठ मी त्या अंधेरीवाल्या एडिटरकडे देते. तू ऐकून चुका काढ, तेवढं पुरे."

ऐकून चुका काढ. बावीस वर्षं कापणाऱ्या बाईला. मी घरी येऊन पहिल्यांदा आईला विचारलं, मला खरंच येईनासं झालंय का गं? तिने मेथी निवडता निवडता मान वर केली नाही. मला भीती वाटली, आप्पा. हे तुम्हालाच सांगते. हात गेला तर माझ्याकडे दुसरं काय आहे?

त्या संध्याकाळी मला चिमट्याचा दिवस आठवला. तुम्हाला आठवत असेल का कोण जाणे. मी सहावीत, शाळेत टापटिपीवर काहीतरी शिकवलेलं, आणि आई नळावर गेली होती. मी तिचं स्वयंपाकघर लावलं. म्हणजे काय, दीड हाताचा ओटा आणि भिंतीतल्या दोन फळ्या. डबे उंचीप्रमाणे उभे केले. ओट्याच्या उजव्या हाताला खिळ्यावर चिमटा टांगलेला असायचा, तो वाईट दिसतो म्हणून काढून डावीकडे चमच्यांच्या स्टँडमध्ये ठेवला. आई आली, भाकऱ्या करायला लागली. एक भाकरी जाळावर टाकली, हात उजवीकडे खिळ्यावर गेला, चिमटा नाही. भाकरी करपायला लागली म्हणून तिने बोटांनीच उचलली. तुम्ही कामावरून आलात तेव्हा तिच्या तीन बोटांना टूथपेस्ट फासलेली होती आणि मी कोपऱ्यात रडत होते. तुम्ही मला कधी मारलं नाहीत. त्या दिवशी आवाज चढवलात तो तेवढाच. म्हणालात, "ज्याचा हात, त्याची जागा. विचारल्याशिवाय हलवायचं नाही. चांगलं करायला गेलीस तरी नाही." मग चिमटा घेऊन स्वतः खिळ्यावर लावलात. मला तेव्हा वाटलं होतं, मी एवढं छान लावलं, कोणी बघितलंच नाही.

शुक्रवारी मी शाळेत गेले. मालकीण म्हणाली होती, जाऊ नको, आपण बरोबर केलेले पाठ पाठवू, प्रश्न मिटला. मी गेले. बोरिवलीची मुलगी बरोबर आली, नाहीतर मी तिथे कोणाशी काय बोलणार होते? वर्गात अकरा मुलं. त्यांच्या बाईंनी वह्या समोर ठेवल्या. सगळ्यांनी हाताचं उत्तर लिहिलं होतं. बोटं मोजून, गुणाकार करून बेचाळीस काढलेल्या दोघी-तिघींनी ते खोडून छप्पन्न केलं होतं. हे मला बघवेना. खोडलेलं बरोबर उत्तर खाली दिसत होतं. मी सांगितलं, चूक माझी आहे, तुमचे बेचाळीस बरोबर होते. ती मुलगी हातांनी सांगत गेली. पुढच्या बाकावरची एक दोन वेण्यांची पोरगी माझ्याकडे रोखून बघत होती, मग तिने भराभर हात चालवले.

"काय म्हणतेय?"

बोरिवलीच्या मुलीने सांगितलं, "विचारतेय, तुम्ही हाताला खोटं बोलायला का लावलंत?"

अपडेट आलं होतं, हे त्या पोरीला सांगायचं? मी नुसते हात जोडले. तिने वही पुढे ओढली, छप्पन्न खोडलं, बेचाळीस लिहिलं आणि माझ्याकडे न बघता पान उलटलं.

तिथून बाहेर पडतानाच ठरवलं. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, घरच्या जुन्या कपाटातली सॉफ्टवेअरची जुनी कॉपी घेऊन स्टुडिओत गेले. तुम्ही वायरमन नेला होतात, मी भाचीला नेलं, ती कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. नवीन उतरवलं, जुनं चढवलं. ब्लेड परत आलं, खिडकी डावीकडे आली, पट्ट्या बोटभर रुंद झाल्या. डिलीट दाबलं, भोक पडलं. मी दहा वेळा दाबून बघितलं, भाची हसायला लागली. नवीनमध्ये एकदा उघडलेलं काम जुन्यात उघडत नाही, म्हणून ते दोन्ही पाठ मी मुळापासून परत कापले, दोन दिवस लागले. माझ्या कीबोर्डच्या तीन बटणांवर तुम्हीच शिकवलेले ठिपके आहेत, तेही नेलपॉलिशचे, तेही लालच. आणि आज मालकिणीसमोर वायर उपटली.

ती खवळली. हे स्टुडिओ आहे का तुझं घर, असं बरंच काही बोलली. मी म्हटलं, "बाहेर बाकावर बसव मला. डबा आणलाय." तिला बाकाची गोष्ट माहीत आहे, तिला मी कितीदा सांगितलीय. मी शाळेतल्या वह्यांचे फोटो तिच्यापुढे ठेवले, खोडलेल्या बेचाळीसचे. तिने एकेक फोटो उचलून बघितला. मग म्हणाली, "पाठ संपेपर्यंत. हे पाठ संपेपर्यंत तुझं जुनं. पुढचं पुढे बघू." जाताना तिने स्वतःच्या हाताने दारावर कागद चिकटवला, एडिटरला विचारल्याशिवाय कोणत्याही मशीनवर अपडेट करू नये. खाली सही केली. हिची सही मी इतक्या वर्षांत इतक्या आनंदाने बघितली नव्हती.

पण तुम्ही समोर असतात तर भुवई वर करून एकच प्रश्न विचारला असतात, तो मीच लिहिते. जॉब देण्याआधी माप घेतलं होतंस का? नाही घेतलं. बटण बदललं हे खरं, आणि ते बदलणाऱ्यांना मी माफ करणार नाही. पण पाठ मी बघितला नव्हता, ऐकला होता. कान चोख म्हणून मिरवत होते, आणि पाठ होता कानाशिवायच्या मुलांचा. आता ती बोरिवलीची मुलगी मला रोज अर्धा तास आकडे शिकवते, शंभरापर्यंत. माझी बोटं या वयात वळत नाहीत, ती हसते. मी शिकायला नाही म्हणत नाही, आप्पा. कोणी नीट शेजारी बसून शिकवलं तर शिकते. झोपेत येऊन चिमटा हलवून गेलेल्याकडून मी शिकणार नाही, एवढंच.

आता ते दुसरं.

जेवताना मी तावातावाने सांगत होते, की हाताला जे कळलेलं असतं ते कोणी परस्पर बदललं की माणूस आंधळा होतो, आणि वर त्यालाच म्हणतात शीक जरा. आई भात कालवत होती. म्हणाली, "तुझ्या आप्पांचं पण तसंच झालं होतं. त्या फोनचं."

मी विचारलं, कुठल्या फोनचं. विचारायची गरज नव्हती.

तुमचा तो बटणांचा फोन. पाचावर उंचवटा होता, अंगठा त्याच्यावरून सरकवून तुम्ही दोनचं बटण दाबून धरायचात, की मला लागायचा. खिशातल्या खिशात. रोज दुपारी एक वाजता दोन मिस्ड कॉल, म्हणजे मी जेवलो, तू? मी उलट एक द्यायचे, म्हणजे जेवले. एक शब्द न बोलता आपण वर्षानुवर्षं एकत्र जेवत होतो. मग माझा पगार वाढला आणि मी हौसेने तुम्हाला काचेचा फोन आणला. जुना त्याच दिवशी दुकानात देऊन टाकला. तुम्ही नवा हातात फिरवून बघितलात आणि म्हणालात, "गुळगुळीत आहे गं." मी म्हटलं, "आप्पा, जरा शिका. सगळे शिकतात. जग पुढे गेलंय." शब्दशः हेच म्हटलं.

महिन्याभराने आले तर काचेवर खालच्या कोपऱ्यात, फोनच्या चित्रावर, लाल टेंगूळ होतं. मी म्हटलं, हे काय लावून घेतलंत, नवी काच खराब होते. आणि तिथेच उभ्या उभ्या नखाने खरवडून काढलं. मग पदराने फोन पुसून, चकचकीत करून तुमच्या हातात दिला. तुम्ही तो घेतलात आणि खिशात टाकलात. आई आज म्हणाली, "माझ्यासमोर म्हणाले, पोरीने हौसेने आणलाय, राहू दे."

शेठशी भांडलात. माझ्याशी का नाही भांडलात? त्यानंतर तुम्ही दीड वर्ष होतात. एक वाजता फोन यायचा बंद झाला आणि मी समजले, म्हातारपणी माणूस तुसडा होतो. मीही करायचे नाही. रुसले होते तुमच्यावर.

हे पत्र टाकायला पेटी नाही. उद्या खणात वायरीखाली ठेवीन आणि कुलूप लावीन. फोनवरचा तो ठिपका कशासाठी आहे, ते मी बघताक्षणी ओळखलं होतं. साकीनाक्याच्या चाकावर तो मी इतक्या वेळा बघितला होता. तरी काढला. तुम्हाला विचारलं नाही, आप्पा.